पुराचे पाणी आणि रुग्णांच्या नोंदी : दवाखान्यातील डेटाबेसच्या क्लाउड बॅकअपविषयी

मंडळाच्या या वर्षीच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादकांनी सुचविले, तेव्हा मी सवयीने 'मधुमेह आणि मूत्रपिंड' हा विषय कळविला. त्यावर ते हसून म्हणाले, "तो विषय आपल्या स्मरणिकेत पुष्कळदा झाला आहे. पुरात आपण काय गमावले आणि त्यानंतर काय केले, ते लिहा. सभासदांना त्याची अधिक गरज आहे."

मी संगणकशास्त्राचा जाणकार नाही. माझे सारे आयुष्य स्टेथोस्कोप आणि केसपेपर यांच्या सहवासात गेले. या विषयाचा जो काही अभ्यास मजकडून झाला, तो हौसेने झालेला नसून ठेच लागल्यामुळे झालेला आहे. पुढच्यास ठेच लागली तर मागच्याने शहाणे व्हावे, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या रीतीला अनुसरून, पुढे चालताना ठेचाळलेल्या एका सभासदाचे हे निवेदन आहे.

पूर आणि आम्ही

बडोदेकरांना विश्वामित्रीचा पूर नवा नाही. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाणी आमच्या दवाखान्याच्या शेवटच्या पायरीला लागून परत गेले. त्यातून आम्ही नेमका चुकीचा धडा घेतला. 'इतका पाऊस होऊनही पाणी आत आले नाही, अर्थात ते कधीच येणार नाही,' अशी आमची समजूत झाली.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात ती समजूत वाहून गेली. पाऊस थांबल्यावरही शहराच्या सखल भागांतील पाणी उतरेना. तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्याचे दार उघडले, तेव्हा भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर चिखलाची रेघ उमटलेली होती. आमचा सर्व्हर स्वागतकक्षातील टेबलाखाली होता. बारा खाटांच्या लहानशा रुग्णालयाची अकरा वर्षांची सारी नोंद त्यात होती.

आम्ही बॅकअप घेत नव्हतो, असे मात्र नाही. स्वागतकक्षातील मुलगी रोज रात्री साडेनऊला एक बाह्य हार्ड डिस्क जोडून न चुकता प्रत काढीत असे आणि वहीत सही करीत असे. पण ती डिस्क ठेवण्याची जागा त्याच टेबलाचा खालचा खण ही होती. मूळ आणि प्रत या दोघांनी एकाच चिखलात, एकमेकांपासून दोन फुटांवर, तीन दिवस काढले.

माहिती परत मिळवून देणाऱ्या एका परगावच्या प्रयोगशाळेकडे आम्ही दोन्ही डिस्का पाठविल्या. चार आठवड्यांनी स्कॅन केलेल्या कागदांपैकी काही मिळाले; डेटाबेसची फाइल मात्र उघडण्याजोगी राहिली नव्हती. शेवटी माझ्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर, २०२० च्या दिवाळीत सॉफ्टवेअर बदलताना कोणीतरी घेतलेली एक प्रत सापडली. अशा रीतीने पहिली सात वर्षे परत आली आणि त्यानंतरची जवळजवळ चार वर्षे कायमची गेली.

हरवलेला आकडा

नोंदी गेल्या म्हणजे नेमके काय गेले, हे मला पुढील दोन महिन्यांत कळले. साठीचे एक गृहस्थ पायांवरील सुजेसाठी आले. सीरम क्रिएटिनिन १.८ आले. हा आकडा एकटा काहीच बोलत नाही. गेल्या वर्षी तो १.७ असेल, तर आपण आहार आणि औषधांत थोडा फेरफार करून तीन महिन्यांनी बोलावतो. गेल्या वर्षी तो ०.९ असेल, तर त्याच दिवशी कारणाचा शोध घ्यावा लागतो. ते गृहस्थ दर सहा महिन्यांनी माझ्याकडे तपासणी करून घेत आणि अहवाल ठेवण्यासाठी माझ्याकडेच देत. "तुमच्याकडे सगळं आहेच ना, साहेब!" असे ते नेहमी म्हणत. माझ्याकडे काहीही नव्हते.

दुसरा प्रसंग मला अधिक लागला. एक निवृत्त शिक्षिका मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी आल्या. मी कोट्रायमॉक्साझोल लिहिले आणि कागद पुढे केला. बाहेर आमचे कंपाउंडर बसतात. त्यांना आमच्याकडे बावीस वर्षे झाली. त्यांनी चिठ्ठी पाहिली, उठून आत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, दोन वर्षांपूर्वी ह्याच गोळीनं बाईंच्या तोंडात आणि अंगावर फोड आले होते. आपण त्यांना वर पाठवलं होतं." मला तो प्रसंग आठवला आणि अंगावर काटा आला. सल्फाची ती तीव्र प्रतिक्रिया संगणकात लाल अक्षरांत नोंदलेली होती. पडदा उघडताच ती दिसत असे. म्हणूनच मी ती लक्षात ठेवली नव्हती. बाईंनाही गोळीचे नाव ठाऊक नव्हते.

त्या दिवशी आमच्या रुग्णालयाचा एकमेव चालू बॅकअप म्हणजे त्या कंपाउंडरांची स्मरणशक्ती होती. त्यावर विसंबून राहणे हा वैद्यकीय व्यवहार नव्हे.

जे बॅकअप नव्हे

पुढे अभ्यासाला बसलो, तेव्हा प्रथम काही गैरसमज दूर करावे लागले. आपल्यापैकी अनेकांचे ते असण्याचा संभव आहे, म्हणून येथे मांडतो.

पहिला गैरसमज हा की, सर्व्हरमध्ये दोन डिस्का एकमेकींची प्रतिकृती म्हणून चालत असल्या की काम झाले. या रचनेस रेड म्हणतात. एक डिस्क निकामी झाली तर दुसरीवर काम चालू राहते, एवढाच तिचा उपयोग. चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि पूर, आग किंवा चोरी दोघींना एकत्रच गाठते.

दुसरा गैरसमज अधिक फसवा आहे. संगणकातील एखादा फोल्डर आपोआप आंतरजालावर चढविणाऱ्या सेवा असतात. त्यांचे काम दोन्ही ठिकाणे सारखी ठेवणे हे आहे. येथे बिघडले की तेथेही बिघडते. जुन्या आवृत्त्या काही दिवस राखण्याची सोय अशा अनेक सेवांत असते. पण तेवढ्यावर रुग्णालय चालविता येत नाही.

तिसरा गैरसमज आमच्याच वहीतील सह्यांशी संबंधित आहे. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून दुसरीकडे ठेवणे, ही प्रत नव्हे. त्याचे कारण जरा विस्ताराने सांगितले पाहिजे.

डेटाबेस जिवंत असतो

पत्र किंवा छायाचित्र यांची फाइल स्थिर असते. डेटाबेसची फाइल चालू वॉर्डासारखी असते. स्वागतकक्षात नवी नोंदणी होत असते, लॅबमध्ये अहवाल भरला जात असतो, औषधांच्या काउंटरवर बिल निघत असते. एका बिलासाठी तीन-चार तक्त्यांत नोंदी कराव्या लागतात : औषधांचा साठा कमी करावयाचा, रक्कम जमा करावयाची, रुग्णाच्या खाती ती लिहावयाची. नेमक्या त्या क्षणी फाइल उचलली, तर साठा कमी झाला पण रक्कम जमा नाही, अशी अर्धवट स्थिती प्रतीत उतरते. शिवाय काही बदल अजून स्मृतीतच असतात. ते डिस्कवर पोचलेलेही नसतात.

म्हणून डेटाबेसची प्रत डेटाबेसच्याच आज्ञेने घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या एस.क्यू.एल. सर्व्हरमध्ये त्यासाठी 'बॅकअप' ही आज्ञा आहे. मायएसक्यूएलमध्ये मायएसक्यूएलडम्प व पोस्टग्रेसमध्ये पीजी-डम्प ही साधने आहेत. यांतून निघणारी प्रत एका सुसंगत क्षणाची असते. मायएसक्यूएलमध्ये मात्र इनोडीबी पद्धतीचे तक्ते आणि 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय यांची जोड असावी लागते, ही गोष्ट अनेकदा निसटते.

प्रतींचे तीन प्रकार आहेत आणि ते आपल्या रोजच्या कामावरून सहज समजतात. पूर्ण प्रत म्हणजे संपूर्ण केसपेपर पुन्हा उतरवून काढणे. डिफरन्शियल प्रत म्हणजे शेवटच्या पूर्ण प्रतीनंतर जे बदलले तेवढेच उतरविणे. तिसरी लॉगची प्रत. डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका रोजनिशीत लिहितो, जशी परिचारिका दर तासाला नाडी, रक्तदाब आणि दिलेले औषध टिपते. कालची पूर्ण प्रत हाती असेल आणि त्यानंतरची रोजनिशी अखंड असेल, तर आज दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी स्थिती कशी होती, तेथपर्यंत डेटाबेस नेऊन उभा करता येतो. ३ वाजून ११ मिनिटांनी कोणी चुकून शंभर रुग्ण पुसले असतील, तर ही सोय अमूल्य ठरते. मात्र रोजनिशीचे एक पान जरी गहाळ झाले, तरी त्यापुढची पाने निरुपयोगी होतात.

येथे एक व्यावहारिक सूचना. एस.क्यू.एल. सर्व्हरमध्ये 'सिंपल' आणि 'फुल' अशा दोन मुख्य पुनःस्थापन-पद्धती आहेत. सिंपलमध्ये लॉगची प्रत घेताच येत नाही. फुलमध्ये ती घेता येते, पण ती नियमित घेतली नाही तर लॉगची फाइल फुगत जाऊन डिस्क भरते. लहान दवाखान्यांची अनेक सॉफ्टवेअरे एक्स्प्रेस या विनामूल्य आवृत्तीवर चालतात. तिच्यात ठरलेल्या वेळी काम करणारा 'एजंट' हा भाग नसतो. ते काम विंडोजच्या टास्क शेड्युलरकडून करून घ्यावे लागते. शिवाय २०२२ पर्यंतच्या एक्स्प्रेस आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबींची मर्यादा आहे. आपल्या विक्रेत्याला विचारावे : आमचा डेटाबेस कोणता, कोणत्या पद्धतीत आहे, आणि त्याची प्रत कोणत्या आज्ञेने निघते? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागून घ्यावीत.

दोन प्रश्न, जे वैद्यकानेच ठरवावयाचे

बॅकअपची योजना आखताना तज्ज्ञ दोन प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे तज्ज्ञ देऊ शकत नाही; ती आपणच द्यावयाची असतात.

पहिला : किती वेळचे काम गेले तर चालेल? यास आर.पी.ओ. म्हणतात. रात्री एकदाच प्रत घेणाऱ्याने एक संपूर्ण दिवस गमावण्याची तयारी ठेवलेली असते, मग त्यास ते ठाऊक असो वा नसो. दिवसाला वीस रुग्ण पाहणाऱ्या सल्लागारास हे चालून जाईल. रोज तीनशे अहवाल देणाऱ्या लॅबला चालणार नाही.

दुसरा : काम किती वेळ बंद राहिले तर चालेल? यास आर.टी.ओ. म्हणतात. हे नाव ऐकताच आपणांस वाहन-परवान्याचे कार्यालय आठवते, आणि तेथील रांगेप्रमाणे हा काळही नेहमी अपेक्षेपेक्षा अधिकच निघतो. प्रत परत उतरविणे, नवा संगणक आणणे, सॉफ्टवेअर बसविणे आणि परवाना मिळविणे या सर्वांचा हिशेब त्यात धरावा लागतो.

आम्ही आमच्यासाठी अनुक्रमे अर्धा तास आणि एक दिवस अशी उत्तरे ठरविली आणि बाकीची सारी योजना त्यांवरून आपोआप ठरत गेली.

दूरची प्रत

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक साधा नियम या क्षेत्रात सर्वमान्य आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या स्थळी असावी. आमच्या दोन प्रती होत्या आणि दोन्ही एकाच टेबलात होत्या.

दुसरे स्थळ म्हणून पूर्वी लोक डिस्क घरी नेत. ती पद्धत वाईट नाही. पण एखाद्या रात्री ती विसरते, आणि घरही त्याच नदीच्या काठी असते. क्लाउड म्हणजे दुसऱ्या गावातील, चोवीस तास वीज, थंडावा व पहारा असलेल्या इमारतीत भाड्याने घेतलेली जागा. यापलीकडे त्यात काही गूढ नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादेत अशी केंद्रे उघडली. त्यामुळे रुग्णांची माहिती देशाबाहेर न पाठविता ही सोय करता येते.

मात्र ती जागाही शेवटी इमारतच आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहितीकेंद्राला आग लागून एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली. ज्या ग्राहकांची मूळ माहिती आणि प्रत दोन्ही त्याच आवारात होती, त्यांनी दोन्ही गमावल्या. आमच्या टेबलाची कथा आणि ही कथा एकच आहे. फरक केवळ आकाराचा. म्हणून क्लाउड घेतले तरी दवाखान्यातील स्थानिक प्रत सोडू नये. रोजच्या लहानसहान चुकांसाठी ती दहा मिनिटांत हाताशी येते. दूरची प्रत मोठ्या संकटासाठी.

किती वेळ लागेल?

आंतरजालाचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटचे आठ बिट होतात, हे विसरल्यास सारा हिशेब आठपट चुकतो. आणखी एक गोष्ट अशी की, जाहिरातीतील वेग बहुधा माहिती उतरविण्याचा असतो. चढविण्याचा वेग पुष्कळदा त्याहून कमी असतो.

आमचे उदाहरण घ्या. डेटाबेस ६ जीबी, संकोचन केल्यावर सुमारे दीड जीबी. चढविण्याचा वेग २० मेगाबिट. दीड जीबी म्हणजे १२,००० मेगाबिट. भागिले २०, म्हणजे ६०० सेकंद, अर्थात दहा मिनिटे. स्कॅन केलेले कागद आणि अहवाल ८० जीबी; त्यांना पहिल्या वेळी जवळजवळ नऊ तास लागले. त्यानंतर रोज फक्त नव्या फाइली जातात आणि ते काम काही मिनिटांत उरकते. भाडेही आमच्या आकाराच्या रुग्णालयाला महिन्याकाठी दोन-चार माणसांच्या चहा-नाश्त्याहून अधिक पडत नाही. क्ष-किरण आणि सी.टी. केंद्र चालविणाऱ्या सभासदांचा हिशेब अर्थातच वेगळा असेल. त्यांनी जुन्या प्रतिमा स्वस्त, थंड्या साठ्यात ठेवाव्यात. पण तेथून माहिती परत मिळण्यास काही तास लागू शकतात आणि बाहेर काढण्याचे वेगळे शुल्क असते, हे आधी समजून घ्यावे.

खंडणीखोरांपासून राखणे

पूर वर्षातून एकदा येतो. रॅन्समवेअर केव्हाही येते. हा प्रोग्रॅम आपल्या फाइली कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्रायने इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टचे काम विस्कळीत केले. त्यास अटकाव करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ती पुष्कळांनी बसविली नव्हती.

आपल्याकडील उदाहरण दिल्लीच्या एम्सचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. सुमारे दोन आठवडे देशातील अग्रगण्य रुग्णालयाचे काम कागदावर चालले. तरीही ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली. कारण एक बॅकअप सर्व्हर बाधित झालेला नव्हता. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरातच हे नमूद आहे. ते रुग्णालय पुन्हा उभे राहिले ते त्या एका न बाधलेल्या प्रतीच्या आधारे.

येथे लक्षात घेण्याजोगे हे की, हल्लेखोर आधी बॅकअप शोधून नष्ट करतात. सर्व्हरला सतत जोडलेली डिस्क तर मूळ माहितीबरोबरच जाते. क्लाउडचा पासवर्ड सर्व्हरवर साठविलेला असेल आणि त्यास पुसण्याचाही अधिकार असेल, तर दूरची प्रतही सुरक्षित नाही. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. सर्व्हरकडे दिलेल्या खात्याला फक्त नवी प्रत ठेवण्याचा अधिकार असावा, पुसण्याचा नसावा. आणि ठरावीक दिवस कोणालाही, अगदी मालकालाही, प्रत बदलता वा पुसता येऊ नये अशी कुलूपव्यवस्था चालू करावी. मोठ्या क्लाउड सेवांत ती उपलब्ध आहे. बँकेतील मुदत ठेवीसारखीच ही व्यवस्था. फरक इतकाच की मुदतीपूर्वी मोडण्याची सोय येथे नको.

गुप्तता आणि कायदा

रुग्णाने आपल्याजवळ उघड केलेली गोष्ट दवाखान्याबाहेर जाता कामा नये. म्हणून प्रत येथून निघण्यापूर्वीच ती कूटबद्ध करावी. एईएस-२५६ ही पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. पण किल्ली हरवली तर ती प्रत आपल्यालाही उघडत नाही. आमच्या किल्लीची एक छापील प्रत माझ्या बँकेच्या लॉकरमध्ये आणि दुसरी पत्नीच्या भावाकडे पुण्यास आहे. सर्व्हरवरच किल्ली ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीत ठेवून दार ओढून घेणे होय.

कायद्याचीही बाजू आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की, आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे राखाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने यात नवी भर घातली. या कायद्याच्या व्याख्येत माहितीचा भंग म्हणजे केवळ चोरी नव्हे. माहिती नष्ट होणे किंवा ती हाती न लागणे, हाही भंगच होय. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत सुरक्षिततेच्या उपायांमध्ये बॅकअपचा स्पष्ट उल्लेख आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येणार असल्या, तरी वाट पाहण्याचे कारण नाही. पूर राजपत्राची तारीख पाहून येत नाही.

परत उतरवून पाहिल्याशिवाय प्रत नव्हे

या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची झाल्यास ती ही ठेवावी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक-व्यावसायिकांच्याच कंपनीत एका अभियंत्याने रात्री थकलेल्या अवस्थेत, दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील सुमारे ३०० जीबींचा डेटाबेस पुसला. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या. क्लाउडवर रोज जाणारी प्रत पाहू गेले, तर तेथे काहीच नव्हते. प्रत काढणारे साधन चुकीच्या आवृत्तीचे असल्यामुळे ते दररोज अयशस्वी होत होते. अपयशाची सूचना देणारी ई-पत्रेही वाटेतच नाकारली जात होती. त्या अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, म्हणून नुकसान सहा तासांवर निभावले.

जे स्वतः हाच व्यवसाय करतात त्यांची ही गत, तर आपली काय कथा? आम्ही नवी व्यवस्था बसविल्यावर पहिल्याच रविवारी एका जुन्या संगणकावर क्लाउडमधील प्रत उतरवून पाहिली. डेटाबेस उघडला, पण सॉफ्टवेअर आत शिरू देईना. वापरकर्त्यांची प्रवेश-खाती 'मास्टर' नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात आणि त्याची प्रत आम्ही घेतलीच नव्हती. ती घेऊन पुढच्या रविवारी पुन्हा बसलो. आता रुग्णाचे नाव दिसले. परंतु त्यावर टिचकी मारली तर अहवाल रिकामा. स्कॅनचा फोल्डर वेगळ्या मार्गावर उतरला होता. तिसऱ्या रविवारी सारे जुळले. सकाळी दहाला सुरुवात केली आणि दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मी एका रुग्णाचा केसपेपर उघडून सर्वांत अलीकडचा क्रिएटिनिनचा आकडा वाचला. संगणकाने 'बॅकअप यशस्वी' असे कितीही वेळा लिहिले, तरी त्यापेक्षा त्या एका आकड्याने मला अधिक समाधान दिले.

आमची सध्याची दिनचर्या

सभासदांना नमुना म्हणून उपयोगी पडावी, या हेतूने आमची पद्धत थोडक्यात देतो.

१. रोज रात्री अकराला पूर्ण प्रत. दवाखान्याच्या वेळेत दर अर्ध्या तासाला लॉगची प्रत. 'मास्टर' डेटाबेस आणि स्कॅनचा फोल्डर रोज रात्री.

२. प्रत घेताना चेकसमचा पर्याय चालू. म्हणजे खराब झालेली पाने तत्काळ उघडकीस येतात. आठवड्यातून एकदा डेटाबेसची अंतर्गत तपासणी, कारण आजारी डेटाबेसची प्रतही आजारीच असते.

३. स्थानिक प्रत पहिल्या मजल्यावरील वेगळ्या पेटीत. कूटबद्ध प्रत मुंबईच्या केंद्रात. महिन्याची एक प्रत दुसऱ्या शहरातील केंद्रात.

४. रोजच्या प्रती ३५ दिवस, महिन्याच्या प्रती १२ महिने, वर्षाची एक प्रत कायम. पहिले ३५ दिवस पुसण्यास कुलूप.

५. सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी स्वागतकक्षातील मुलगी कालच्या प्रतीची तारीख, वेळ आणि आकार वहीत लिहिते. आकार एकाएकी घटला तर मला दूरध्वनी. सूचना आली नाही म्हणजे सर्व ठीक, असे आम्ही आता मानत नाही.

६. दर तीन महिन्यांनी एका रविवारी पुनःस्थापनेची तालीम. घड्याळ लावून, आणि विक्रेत्याच्या मदतीविना, लिहून ठेवलेल्या कागदावरूनच.

७. अॅलर्जीची नोंद संगणकाखेरीज रुग्णाच्या स्वतःच्या कार्डावरही, लाल शाईने. ही सातवी गोष्ट त्या शिक्षिकाबाईंमुळे शिकलो.

समारोप

आपण ज्या शहरात राहतो, तेथे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून राजशेखराची 'काव्यमीमांसा' प्रसिद्ध झाली. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा तो ग्रंथ आपल्या हाती आला, तो पाटणच्या भांडारांत कोणीतरी त्याच्या प्रती उतरवून जपून ठेवल्या म्हणून. ज्यांनी त्या लिहिल्या, त्यांना त्या कोण वाचणार हे ठाऊक नव्हते. मूळ पान केव्हातरी जाणार, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्या रुग्णांच्या नोंदी काही काव्यमीमांसा नव्हेत. तथापि त्या ज्याच्या आहेत, त्याला त्यांच्याइतके मोलाचे दुसरे लेखन नाही. तो आपल्याकडे विश्वासाने म्हणतो, "तुमच्याकडे सगळं आहेच ना, साहेब!" त्या प्रश्नाला 'हो' म्हणता यावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

शेवटी सभासदांना एकच विनंती. ही स्मरणिका मिटल्यावर आपल्या दवाखान्यात जाऊन फक्त एवढे पाहावे : आपली शेवटची प्रत कोठे आहे, आणि ती शेवटची केव्हा उघडून पाहिली होती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कधीच नाही' असे आले, तर येता रविवार त्यासाठी राखून ठेवावा. मृगाच्या आधी छपराची कौले चाळण्याची आपली जुनी रीत आहे. तिच्यात आता हेही एक काम घालावे.